बंदिस्त अळिंबीगृहात आधी हवा, मग गारवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांच्या शेतीविषयक पानांवर, आणि त्याहून अधिक यूट्यूबवर, बंदिस्त खोलीतील मशरूम (अळिंबी) शेतीच्या यशकथा नेमाने दिसू लागल्या आहेत. पफ पॅनेलची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या तक्त्यांची, पांढरीशुभ्र खोली, रॅकवर ओळीने मांडलेल्या कंपोस्टच्या पिशव्या, हसतमुख तरुण उद्योजक, आणि ‘एसी बसवला की बाराही महिने बटन मशरूम’ हे वाक्य, असा या कथांचा साचा ठरून गेला आहे. मी शीतकरण आणि वातानुकूलन यंत्रणांचे काम करतो, आणि पुणे जिल्ह्यात व आसपास अशा खोल्या पाहण्यासाठी मला अधूनमधून बोलावणे येते. बोलावणाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा एकच असते : खोली हवी तशी गार होत नाही, तेव्हा आणखी किती टनाचा एसी लावावा ते सांगा. प्रत्यक्षात गारव्याची कमतरता क्वचितच आढळते. आढळते ती ताज्या हवेची कमतरता, आणि तिचा विचार खोली बांधताना, यंत्रे घेताना किंवा कर्जाचा प्रकल्प अहवाल लिहिताना कोणीही केलेला नसतो. या विषयावर चार गोष्टी सविस्तर मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मशरूमची खोली ही भाजीपाल्याच्या शीतगृहासारखी नसते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. शीतगृहात ठेवलेला बटाटा मंदपणे श्वास घेतो आणि त्याची वाढ होऊ नये हाच तेथे हेतू असतो. अळिंबीच्या खोलीत मात्र टनावारी कंपोस्ट असते, त्यात बुरशीचे तंतू वेगाने वाढत असतात, ते प्राणवायू घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण करतात. म्हणजे खोलीतला माल हाच एक शेगडी असतो, आणि ती चोवीस तास चालू असते. या शेगडीची उष्णता यंत्राने काढता येते. तिने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मात्र कोणताही कॉम्प्रेसर काढत नाही, त्यासाठी आतली हवा बाहेर घालवून बाहेरची हवा आत आणावीच लागते.

येथे एक मोठा गैरसमज आड येतो. घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतो, असे अनेकांना मनापासून वाटते, कारण त्याचा एक भाग भिंतीबाहेर लटकलेला दिसतो. वास्तविक त्या दोन भागांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून केवळ शीतक वायू फिरतो. खोलीतील हवा खोलीतच घुसळली जाते आणि गार केली जाते, बाहेरच्या हवेचा तिच्याशी संबंधच येत नाही. चार स्प्लिट एसी लावलेल्या, दारांना रबरी पट्ट्या मारलेल्या, फटी सिलिकॉनने बुजवलेल्या खोलीत १७ अंश तापमान दिसते, मालकाला समाधान वाटते, आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर लावला की आकडा चार-पाच हजारांच्या घरात निघतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत हे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग, म्हणजे ४२० पीपीएम, असते.

बटन मशरूमला हे प्रमाण अवस्थेनुसार वेगवेगळे लागते, आणि खरी मेख तेथेच आहे. स्पॉन, म्हणजे मशरूमचे बियाणे, पेरल्यानंतरचे सुमारे दोन आठवडे (‘स्पॉनरन’) कंपोस्ट २३ ते २५ अंशांवर ठेवतात. त्या काळात कार्बन डायऑक्साइड १० ते १५ हजार पीपीएमपर्यंत गेला तरी तंतूंना तो मानवतो, त्यामुळे खोली जवळजवळ बंदच ठेवतात. पुढे कंपोस्टवर केसिंगचा, म्हणजे ओलसर मातीसारख्या आवरणाचा, थर देतात, त्यात तंतू वर येऊ देतात, आणि मग एका ठरावीक टप्प्यावर खोलीचे सारे हवामान पालटावे लागते : हवेचे तापमान १५ ते १७ अंशांपर्यंत खाली, कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या आसपास किंवा त्याखाली, आर्द्रता ८५ ते ९० टक्के. तापमानातील उतार आणि ताजी हवा हे दोन्ही इशारे मिळाले की तंतू फळधारणेकडे वळतात आणि केसिंगवर टाचणीच्या डोक्याएवढे पिनहेड दिसू लागतात. ज्या खोलीत फक्त गारव्याची सोय आहे, तिथे यांपैकी एकच इशारा दिला जातो. मग पिनहेड तुरळक येतात, आलेल्यांचे देठ लांबतात, टोप्या लहान राहतात आणि वेळेआधी छत्रीसारख्या उघडतात. असा माल बाजारात दुय्यम ठरतो. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, याबाबत आणखी हळवी आहे. कोंदट खोलीत तिच्या पिशवीतून हातभर देठ आणि वर नखाएवढी टोपी असले विचित्र झुबके बाहेर येतात. ते पाहून शेतकरी स्पॉन बदलतो, औषध फवारतो, एसी आणखी दोन अंशांनी खाली आणतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशी ही गत आहे.

आता मुख्य प्रश्न खर्चाचा. ‘ताजी हवा घ्यायची म्हणजे गार केलेली हवा फुकट घालवायची’ ही मालकाची धास्ती निराधार नाही, म्हणून तिला आकड्यांनीच उत्तर देणे योग्य होईल. साठ फूट लांब, वीस फूट रुंद आणि बारा फूट उंच अशी एक खोली धरू. भिंती आणि छत ६० मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनेलचे, सांधे नीट बसवलेले. बाहेर आणि आत २० अंशांचा फरक असताना या सगळ्या पृष्ठभागातून आत झिरपणारी उष्णता दोन किलोवॅटच्या आसपास भरते. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता, म्हणजे भिंतींचा भार पाऊण टनाच्याही आतच राहिला. आता त्याच खोलीत ऐन पहिल्या बहरात तासाला दीड हजार घनमीटर ताजी हवा घेतली, तर तिला १७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेवर आणण्यासाठी किती क्षमता लागेल? पुण्यातील एप्रिलची दुपार घ्या, ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता. एका किलो हवेतून सुमारे १४ किलोज्यूल काढावे लागतात, आणि एकूण भार पावणेदोन टनांच्या आसपास येतो. आता जुलैचा झिमझिम पावसाचा दिवस घ्या, २६ अंश आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता. किलोमागे सुमारे ३० किलोज्यूल, आणि भार जवळपास पावणेचार टन.

अनेकांना हा आकडा उलटा वाटतो, म्हणून त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. एप्रिलची हवा तापलेली असली तरी कोरडी असते. तिच्यात किलोमागे जेमतेम नऊ ग्रॅम पाणी असते, आणि खोलीला तर साडेअकरा ग्रॅमच्या आसपास हवे असते. म्हणजे तिच्यात पाणी घालायचे आहे, आणि पाणी घालताना ती आपोआप निवतेही. जुलैच्या हवेत किलोमागे वीस ग्रॅमच्या आसपास पाणी असते. त्यातले आठ-साडेआठ ग्रॅम यंत्राच्या कॉइलवर, म्हणजे थंड नळ्यांच्या जाळीवर, थेंब करून काढावे लागते, आणि वाफेचे पाणी करताना दर किलो पाण्यामागे सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता यंत्राच्या गळ्यात पडते. वरच्या उदाहरणात हे पाणी तासाला तेरा लिटरच्या घरात जाते. सारांश, पुण्यात अळिंबीगृहाची यंत्रणा वैशाखाच्या उन्हावर बेतली तर ती आषाढात अपुरी पडते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक कोटेशनांमध्ये मात्र ‘बाहेरचे कमाल तापमान ४२ अंश’ एवढी एकच अट लिहिलेली असते, आर्द्रतेचा उल्लेखही नसतो. आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये कॉम्प्रेसर अखंड चालतो, खोली २० अंशांखाली उतरत नाही, मालक ताज्या हवेचा डॅम्पर, म्हणजे हवेची वाट उघडमीट करणारी पाती, बंद करतो, आणि वर सांगितलेले लांब देठांचे पीक हाती येते. यंत्र खराब निघाले, असा बोभाटा मात्र सर्वत्र होतो.

याच हिशेबात बचतीची किल्लीही आहे. खोलीत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड ठरलेला असताना ताज्या हवेची गरज ही आतली मर्यादा आणि बाहेरचे प्रमाण यांच्यातील फरकावर अवलंबून असते. मर्यादा हजार पीपीएम धरली तर फरक ५८० उरतो, आणि दीड हजार धरली तर १,०८०, म्हणजे ताजी हवा जवळजवळ निम्मी पुरते. पिनहेड धरण्याच्या काही दिवसांत हजाराची शिस्त पाळावी, एरवी वाणाला सोसेल त्याप्रमाणे मर्यादा सैल ठेवावी, आणि स्पॉनरनच्या दोन आठवड्यांत ताजी हवा अगदी किमान घ्यावी, एवढे केले तरी वर्षाच्या वीजबिलात ठळक फरक पडतो. पण त्यासाठी आकडा दिसायला हवा. इन्फ्रारेड तत्त्वावर चालणारा कार्बन डायऑक्साइडचा मीटर आता काही हजार रुपयांत मिळतो. वीस-पंचवीस लाखांच्या खोलीत तो नसावा, आणि दाराजवळ श्वास घेऊन ‘हवा ठीक आहे’ असे ठरवावे, याला काय म्हणावे?

स्प्लिट एसीचा आणखी एक दोष मी वारंवार पाहतो. अशा यंत्राची कॉइल लहान असते आणि तिचे तापमान खोलीच्या मानाने फारच खाली जाते, त्यामुळे ती हवेतले पाणी जास्तच शोषते. आर्द्रता ७० टक्क्यांवर घसरते, केसिंग सुकते, म्हणून मालक पाण्याचे धुके उडवणारा फॉगर लावतो. फॉगरचे पाणी हवेत मिसळते आणि पुन्हा कॉइलवर जाऊन थेंब होते. खोलीबाहेर एसीच्या निचऱ्याची नळी अखंड वाहताना दिसते आणि आत फॉगरचा पंप फिरत असतो : आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, त्याचे यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक मिळणार नाही. या दोन्ही कामांची वीज मीटरवर चढते. यावर उपाय म्हणजे मोठ्या पृष्ठभागाची कॉइल आणि तिच्यातून बेताच्या थंड पाण्याचा प्रवाह, म्हणजे चिलर (पाणी गार करणारे यंत्र) आणि एअर हँडलिंग युनिट (हवा हाताळणारी पेटी). त्याची किंमत अधिक आहे, हे खरे. एका छोट्या खोलीसाठी चिलर परवडणारही नाही. पण चार-सहा खोल्यांचा प्रकल्प उभारणाऱ्याने प्रत्येक खोलीत पाच-सहा स्प्लिट एसी टांगण्याऐवजी एक चिलर आणि खोलीगणिक एक युनिट घेतले, तर तापमान, आर्द्रता आणि ताजी हवा या तिन्ही दोऱ्या एका हातात येतात.

अशा युनिटची रचना मुळात सोपी आहे. एक पेटी, तिला दोन तोंडे. एका तोंडातून बाहेरची हवा गाळणीतून येते, दुसऱ्यातून खोलीतली हवा परत येते, आणि दोन डॅम्पर एकमेकांना अशा रीतीने जोडलेले असतात की एक उघडला की दुसरा तेवढाच मिटतो. पुढे कॉइल, पुढे पंखा, आणि पंख्यापासून छताखाली खोलीच्या लांबीभर पसरलेली पॉलिथिनची डक्ट. तिला दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर भोके. त्यांतून जोराने सुटलेली हवा छताखालून भिंतीपर्यंत जाते, भिंतीवरून खाली उतरते आणि रॅकमधून वर चढत परत येते. पिकाच्या पृष्ठभागावर तिचा वेग सेकंदाला पंधरा-वीस सेंटीमीटरच्या आसपास असावा, त्याहून जास्त झाला तर टोप्यांवर खवले धरतात, आणि फारच कमी झाला तर पाणी सुकत नाही. हे मोजायला महाग उपकरण लागत नाही. पेटलेली उदबत्ती रॅकच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या थरात, मधोमध आणि कोपऱ्यात धरून पाहावी. धूर सरळ उभा राहिला तर तेथे हवा मेलेली आहे. बहुतेक खोल्यांत मागच्या भिंतीजवळचा खालचा थर असा मेलेला सापडतो, कारण जागा वाचवण्यासाठी शेवटचा रॅक भिंतीला चिकटवलेला असतो. कार्बन डायऑक्साइड जड असतो म्हणून तो जमिनीवर साचतो आणि भिंतीला खाली भोके पाडली की निघून जातो, असे प्रशिक्षणांतही सांगितले जाते. ते खरे नाही, या प्रमाणात तो हवेत पुरता मिसळलेला असतो. जिथे हवा हलत नाही तिथे तो वाढतो, मग तो कोपरा खालचा असो की वरचा.

पाणी सुकण्याचा मुद्दा वरवरचा नाही. पाणी दिल्यावर टोप्या दोन-तीन तासांत कोरड्या झाल्या नाहीत, तर त्यांच्यावर जिवाणूंमुळे तपकिरी डाग पडतात, आणि डाग पडलेले बटन मशरूम गिऱ्हाईक हातातही घेत नाही. म्हणून पाणी दिल्यानंतर काही काळ ताजी हवा आणि पंख्याचा वेग वाढवणे ही पद्धत आहे. पण पाणी संध्याकाळी देऊन, दार लावून घरी जाण्याची सवय असलेल्या ठिकाणी ती पाळली जात नाही.

ताज्या हवेचे महत्त्व पटलेले काही जण नेमकी उलटी चूक करतात : भिंतीत एक एक्झॉस्ट फॅन बसवून टाकतात. पंखा हवा बाहेर फेकतो, खोलीत किंचित निर्वात होते आणि बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून, दाराखालून, पॅनेलच्या सांध्यांतून आत खेचली जाते. या हवेला गाळणी नसते. तिच्याबरोबर सायरिड माश्या येतात, आणि माश्यांबरोबर रोगांचे बीजाणू. योग्य रीत याच्या नेमकी विरुद्ध आहे. गाळलेली हवा पंख्याने आत ढकलावी, खोलीचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राखावा, आणि जादा हवा जाळी लावलेल्या, दाबाने उघडणाऱ्या आणि दाब कमी होताच मिटणाऱ्या झडपेतून बाहेर जाऊ द्यावी. ही झडप पत्र्याच्या दुकानात कोणीही घडवून देईल. जाळी मात्र दर आठवड्याला धुवावी लागते. धूळ आणि बीजाणूंनी ती तुंबली की हवा निम्म्यावर येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, जुन्नर या पट्ट्यात रात्रीचे तापमान १० ते १४ अंशांपर्यंत उतरते. अशा रात्री ताज्या हवेचा डॅम्पर पूर्ण उघडला तर कॉम्प्रेसर चालवण्याची गरजच उरत नाही, फक्त पंखा आणि थोडे पाणी. ही फुकटची थंडी घेण्याची सोय स्प्लिट एसीच्या खोलीत नसते, आणि युनिट असलेल्या ठिकाणीही डॅम्पर गंजून एकाच जागी अडकलेला असतो. पंख्याला वेग बदलणारे ड्राइव्ह बसवले तर आणखी एक लाभ आहे : पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की त्याची वीज जवळपास निम्मी होते. धिंगरीसारख्या, २० ते २८ अंशांवर येणाऱ्या पिकासाठी तर कोरड्या भागात, कोरड्या महिन्यांत ओल्या पॅडचे कूलर पुरतात. एप्रिलच्या कोरड्या दुपारी चांगले पॅड ३८ अंशांची हवा २४-२५ पर्यंत आणते. हेच पॅड रत्नागिरीत किंवा सिंधुदुर्गात लावले तर हवा ओली होते आणि जेमतेम तीन-चार अंशांनी निवते, कारण कोकणची हवा आधीच पाण्याने भरलेली असते. देशावरचा आराखडा उचलून कोकणात बसवणाऱ्या सल्लागारांनी हे एकदा तपासून पाहावे.

बंद खोलीत हल्ली केशर, मायक्रोग्रीन आणि पालेभाज्याही घेतल्या जातात. तेथे शेगडीची जागा दिवे घेतात. एलईडी दिव्याला दिलेली वीज अखेर जवळजवळ सगळी उष्णतेच्याच रूपाने खोलीत उरते, आणि पानांनी सोडलेली वाफ वेगळी. हवेचा हिशेब तेथेही टळत नाही, फक्त झाडे दिव्याखाली कार्बन डायऑक्साइड घेत असल्याने त्याची दिशा बदलते.

या साऱ्यात माणसांचा विचार सर्वांत मागे राहतो. तोडणी करणाऱ्या बहुतेक ठिकाणी स्त्रिया असतात, त्या रॅकच्या अरुंद गल्ल्यांत तासन् तास उभ्या असतात. आठ तासांच्या कामासाठी कार्बन डायऑक्साइडची ५,००० पीपीएम ही मर्यादा जगभर साधारणपणे मानली जाते, आणि स्पॉनरनच्या खोलीत प्रमाण त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते हे वर आलेच आहे. तेथे डोके जड होणे, धाप लागणे याला ‘खोलीतला वास सोसत नाही’ असे म्हणून बाजूला सारतात. धिंगरीच्या खोलीत तर टोप्या पूर्ण उमलू दिल्यास बीजाणूंचा पांढरा धुरळा हवेत तरंगतो. रोज तो श्वासात गेल्याने खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि दम हा विकार जडू शकतो, आणि तो न्यूमोनिया किंवा दमा समजून भलतेच उपचार होत राहतात. टोप्यांच्या कडा सपाट होण्याआधी तोडणी करावी, आत जाण्यापूर्वी ताज्या हवेचा डॅम्पर काही वेळ पूर्ण उघडावा आणि चांगला मास्क द्यावा, एवढ्याने धोका बराच घटतो. वीज गेली की बंद खोलीतला कार्बन डायऑक्साइड चढू लागतो. जनरेटर सगळा भार घेऊ शकत नसेल तर निदान हवेचा पंखा तरी इन्व्हर्टरवर असावा. गारवा दोन तास नसला तरी पीक तग धरते. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी जनरेटरला कॉम्प्रेसर जोडलेला असतो आणि पंखा राहून गेलेला असतो.

अळिंबी प्रकल्पांना एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाखाली कर्जाशी निगडित अनुदान मिळते, आणि महावितरणच्या दरपत्रकात अळिंबी लागवडीला उद्योगाऐवजी ‘कृषी – इतर’ या गटात स्थान आहे. म्हणजे या खोल्यांत जनतेचाही पैसा गुंतलेला आहे. असे असताना प्रकल्प अहवालात यंत्रणेसाठी ‘वातानुकूलन यंत्रे, अमुक टन’ एवढी एक ओळ पुरेशी का मानली जावी? ताजी हवा तासाला किती घनमीटर घेणार, ती कोठून येणार आणि कोठून जाणार, गाळणी कोणती, जुलैच्या दमट हवेवर भार किती धरला आहे, आणि वीज गेल्यास पंखा कशावर चालणार, हे पाच प्रश्न बँकेच्या तांत्रिक अधिकाऱ्याने विचारले, तर अर्धे अहवाल पुन्हा लिहावे लागतील, आणि ते बरेच होईल. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे, हिमाचलमधील सोलन येथे अळिंबी संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. त्यांच्या प्रशिक्षणांत स्पॉन, कंपोस्ट आणि रोग यांवर भर असतो, तो योग्यच आहे. त्यात एक दिवस हवेसाठी द्यावा, शिकणाऱ्याच्या हाती मीटर आणि उदबत्ती द्यावी, डॅम्पर उघडून आणि मिटून आकडा कसा हलतो ते त्याला स्वतः पाहू द्यावे, अशी माझी या संस्थांना विनंती आहे.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या शेती पुरवणीत पुढची यशकथा छापताना उत्पन्नाच्या आकड्याशेजारी त्या खोलीचे जुलै आणि ऑगस्ट महिन्यांचे वीजबिल, तसेच पीक भरात असतानाचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा, या दोन गोष्टी विचारून छापाव्यात. उत्तर मिळाले नाही, तर तसेही छापावे.

कळावे,
आपला विश्वासू,
शीतकरण क्षेत्रातील एक वाचक
तळेगाव दाभाडे, जि. पुणे